पाणवठ्याच्या वाटा

त्या गावात प्रत्येक घराची नदीकडे उतरणारी स्वतःची वाट होती. रस्ता नाही हां, पायवाट, एका माणसापुरती. मागच्या कुंपणाच्या छोट्या दारातून निघायची, बटाट्याच्या वाफ्यांच्या कडेकडेने जायची आणि मग उतारावरून वाकडीतिकडी होत थेट पाण्यापर्यंत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा २०११ चा मे महिना होता. घरं होती अकरा आणि मळलेल्या, रोजच्या पायाखालच्या वाटा होत्या सहा. बाकीच्या पाच शोधाव्या लागत होत्या, म्हणजे गवत जरा वेगळ्या रंगाचं दिसायचं, कुठे खाली पाण्यात दोन कुजके खांब उभे दिसायचे, त्यावरून कळायचं की इथे कुणीतरी कपडे विसळायला येत असणार. धूर किती घरांतून येतो हे नंतर कळलं, पण माणसं किती उरलीत हे मला त्या वाटांनीच आधी सांगितलं.

गाव रशियातलं, वोल्गा नदीच्या काठचं, त्वेर प्रांतात स्तारित्सा आणि र्झेव या दोन जुन्या गावांच्या मधलं. नाव नाही लिहीत, तिथे आता इतकी कमी माणसं आहेत की गावाचं नाव घेणं म्हणजे माणसाचंच नाव घेतल्यासारखं होईल. मी तेव्हा त्वेरला मेडिकलला होते. लातूर-नांदेडकडची बरीच पोरं तेव्हाही रशियात शिकायला जायची, आजही जातात, त्यातलीच मी एक. हॉस्टेल सोडून आम्ही दोघी मैत्रिणींनी एका बाईंच्या फ्लॅटमधली खोली भाड्याने घेतली होती आणि त्या घरमालकीणबाईंची आई या गावात एकटी राहायची. मे महिन्याच्या सुरुवातीला रशियात लागोपाठ सुट्ट्या येतात, १ मे आणि मग ९ मे चा दुसऱ्या महायुद्धातला विजयदिन, आणि त्या सुट्ट्यांत अर्धं शहर गावाकडे बटाटे लावायला जातं. आपल्याकडे पेरणीला मुंबई-पुण्याची पोरं गावी येतात ना, तसंच. मैत्रीण म्हणाली मी नाही येत बाई चिखलात, मी म्हटलं मी येते. सहा वर्षांतला तो एक निर्णय इतका चांगला होता की आजही मी त्याच्यासाठी स्वतःची पाठ थोपटते.

वोल्गा म्हणजे माझ्या डोक्यात समुद्रासारखं काहीतरी होतं. युरोपातली सगळ्यात लांब नदी, ३५३० किलोमीटर, शाळेत पाठ केलेलं. आणि समोर बघते तर आपल्या मांजरा नदीला चांगला पाऊस झाल्यावर जेवढं पात्र भरतं त्याच्यापेक्षा थोडं मोठं, पलीकडच्या काठावर कुणी उभं असेल तर हाक मारली की ऐकू जाईल एवढंच. पाणी चहाच्या फिक्या पाण्यासारखं तपकिरी. वर उगमाकडे सगळी दलदल आणि जंगल आहे, झाडपाला कुजून झालेल्या काळ्या मातीतून पाणी झिरपत येतं म्हणून तो रंग, घाण नव्हे. काठ मात्र उंच, चुनखडीचा, पांढराशुभ्र दगड मधेमधे उघडा पडलेला. हा स्तारित्साचा पांढरा दगड पूर्वी मॉस्कोतल्या बांधकामांना जायचा, त्याच्या जुन्या खाणी अजून डोंगरात आहेत, गुहाच झाल्यात त्यांच्या, त्यात वटवाघळं राहतात.

घरमालकीणबाईंची आई, म्हणजे माझी बाबुश्का. रशियनमध्ये आजीला बाबुश्काच म्हणतात. जन्म १९३४ चा. डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट, कंबरेत किंचित वाकलेली आणि हात असे की बोटांची पेरं बाभळीच्या गाठींसारखी. पहिल्या दिवशी मी तिला आदराने ‘वी’ म्हणत होते, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. रशियनमध्येही तू आणि तुम्ही वेगळं आहे आणि आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की मोठ्या माणसांना, पेशंटला कायम ‘वी’ म्हणायचं. तिने दोन-तीनदा ऐकून घेतलं आणि मग सूप वाढता वाढता म्हणाली, आजीला कोण तुम्ही म्हणतं गं? मी चमचा हातात धरून तशीच बसले, कारण आमच्याकडेही तेच आहे, वडिलांना अहो आणि आजीला मात्र अगं. त्या क्षणापासून ती माझी अगंतुगंतली आजी झाली आणि मी तिची ‘दोच्का’, म्हणजे पोरगी.

घर लाकडी ओंडक्यांचं, ओंडक्यांच्या फटींत शेवाळ भरलेलं, गार वारा येऊ नये म्हणून. समोर तीन खिडक्या आणि तिन्ही खिडक्यांच्या चौकटींवर लाकडात कोरलेली नक्षी, ती तिच्या नवऱ्याने लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात कोरली होती. आत शिरलं की अर्धी खोली त्या चुलीनेच व्यापलेली. चूल म्हणजे आपल्या चुलीसारखी नाही, वीट आणि मातीची भलीमोठी भट्टी, पांढऱ्या चुन्याने सारवलेली. तिच्यात भाकर भाजते, सूप रटरटतं, भिजलेले बूट वाळतात आणि वरच्या सपाट भागावर माणूस चक्क झोपतो. मी झोपलेय. बाहेर मायनस पंचवीस आणि पाठीखाली ऊबदार विटा, असं सुख मला नंतर कुठल्याही हॉटेलात मिळालं नाही. जमिनीत एक फळी उचलली की खाली तळघर, त्यात वर्षभराचे बटाटे, बीट, गाजरं आणि बरण्याच बरण्या, काकड्यांचं लोणचं, त्यात शेपू, लसूण आणि ब्लॅककरंट नावाच्या एका काळ्या बेरीच्या झुडपाची पानं. आपल्या पेवाची आठवण झाली मला, आमच्या आजीने सांगितलेल्या, मी कधी बघितलं नव्हतं.

आणि आता जवस. हे मला सगळ्यात आधी लिहायचं होतं खरं तर, पण राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला मागच्या बाजूला नदीवर घेऊन गेली आणि पलीकडचं कुरण दाखवून म्हणाली, तिकडे सगळा लिओन असायचा, जुलैमध्ये निळंनिळं व्हायचं. मला लिओन म्हणजे काय कळेना. मग तिने पेटीतून एक जुना टॉवेल काढला, जाड, करड्या रंगाचा, दोन्ही टोकांना लाल धाग्याची फुलं, आणि सांगायला लागली की हा याच झाडाचा, बियांचं तेल काढतात, फूल निळं असतं, पाच पाकळ्यांचं, सकाळी उमलतं आणि दुपारी गळून जातं. माझ्या डोक्यात एकदम लख्ख पडलं, अगं हे तर जवस! आमच्याकडे रब्बीत हरभऱ्याच्या कडेने दोन तास, म्हणजे ओळी, जवसाच्या असायच्याच, भाकरीबरोबर जवसाची चटणी खाऊन मी लहानाची मोठी झाले, आणि त्याच झाडाचं कापड होतं हे मला विसाव्या वर्षी वोल्गाच्या काठी कळलं. आपण बी घेतो आणि काडी जाळतो, ते काडी घेतात. आपलं जवस बुटकं, फांद्या फुटलेलं, त्यांचं सरळसोट उंच, कारण जेवढी काडी लांब तेवढा धागा लांब.

त्वेरचा हा पट्टा जवसाच्या धाग्यासाठी पूर्वीपासून नावाजलेला. बाबुश्का बारा वर्षांची होती तेव्हापासून त्या शेतात. जवस कापत नाहीत, मुळासकट उपटतात, नाहीतर धागा आखूड होतो, आणि ती उपटणी हाताने, वाकून, तळहाताची सालं निघेपर्यंत. मग बी झोडपून काढायचं आणि काड्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुरणावर पातळ पसरून ठेवायच्या, दव पडून पडून त्या कुजतात, म्हणजे आतलं लाकूड सुटं होतं आणि धागा राहतो. किती दिवस ठेवायचं हे कसं ओळखायचं, तर एक काडी घ्यायची, बोटांत वाकवायची आणि कान द्यायचा. तिने मला हे करून दाखवलं, काडी नव्हती हातात, नुसती बोटं चोळून आणि मान तिरकी करून, जणू काही खरंच ऐकतेय. दोन दिवस जास्त राहिलं तर धागा सडतो आणि दोन दिवस आधी उचललं तर लाकूड सुटत नाही. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा तो आवाज तिच्या कानात अजून होता.

या सगळ्या कामाचे पैसे मिळायचे का? नाही. सामूहिक शेतीत, म्हणजे कोल्खोजमध्ये, दिवसाच्या कामाची वहीत एक रेघ मारायची आणि वर्षाच्या शेवटी रेघा मोजून धान्य द्यायचं, उरलं तर. लोक म्हणायचे आम्ही रेघांसाठी राबतो. ठरलेला पगार रोख मिळायला १९६६ उजाडलं. आणि ज्याने मला सगळ्यात जास्त हादरवलं ते हे की १९३२ मध्ये देशात पासपोर्ट सुरू झाले, परदेशी जायचे नाहीत, देशातल्या देशात राहायचे, तर ते शहरातल्या माणसांना मिळाले आणि कोल्खोजच्या बहुतेक शेतकऱ्यांना मिळालेच नाहीत. पासपोर्ट नाही म्हणजे शहरात राहता येत नाही, नोकरी नाही. १९७४ मध्ये निर्णय झाला आणि १९७६ पासून त्यांना पासपोर्ट द्यायला सुरुवात झाली. बाबुश्काला तिचा मिळाला तेव्हा ती बेचाळिशी ओलांडलेली. ती म्हणाली, फोटो काढायला स्तारित्साला गेलो होतो सगळ्या बायका, नवीन रुमाल बांधून. एवढंच. तक्रार अशी नाहीच तिच्या तोंडात.

गावं रिकामी का झाली हे मी नंतर वाचत गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं की एक कारण नाहीच. पोरगा सैन्यात गेला की परतच यायचा नाही, पोरगी नर्सिंग किंवा शिवणकामाच्या कॉलेजला गेली की तिकडेच. १९६० आणि ७० च्या दशकांत तर सरकारी नियोजनानेच छोट्या गावांवर शिक्का मारला, ‘नेपेर्स्पेक्तिव्हनाया’, म्हणजे ज्याला काही भविष्य नाही असं गाव. एकदा तो शिक्का बसला की शाळा बंद, दुकान बंद, रस्त्याला खडी नाही, आणि मग माणसं निघून गेली की म्हणायचं बघा, भविष्य नव्हतंच. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. एखाद्या जिवंत गावाला कागदावर तसं लिहायचा अधिकार कुणाला कसा असू शकतो? २०१० च्या जनगणनेत रशियात एक लाख त्रेपन्न हजार खेडी मोजली गेली, त्यातल्या १९ हजारांवर खेड्यांत एकही माणूस नव्हता आणि ३६ हजारांत दहा किंवा त्याहून कमी. त्वेर प्रांत या रिकाम्या गावांच्या यादीत अगदी वरच्या नंबरात. तेव्हा माझं गाव त्या दहाच्या आतल्यात होतं. माझं गाव असं आपोआप लिहिलं गेलं बघा.

पण शिक्का बसायच्या आधीच एक मोठी पोकळी पडली होती. ९ मे ला आम्ही सगळे चालत चार किलोमीटरवरच्या मोठ्या गावात गेलो. तिकडे ज्या गावात चर्च असतं त्याला ‘सेलो’ म्हणतात आणि ज्यात नसतं त्याला ‘देरेव्हन्या’, आमचं देरेव्हन्या. सेलोत चर्चसमोर युद्धात मेलेल्यांचा स्तंभ आहे, आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांची मिळून नावं. मला रशियन अक्षरं वाचता येत होती तोवर चांगली, मी वाचत गेले आणि एकच आडनाव पुन्हापुन्हा येत राहिलं, फक्त नावांची आद्याक्षरं बदलत होती, सख्खे भाऊ, चुलत भाऊ. ते बाबुश्काचं माहेरचं आडनाव. तिचे वडील त्यात. जर्मनांनी स्तारित्सा ऑक्टोबर १९४१ मध्ये घेतलं आणि १ जानेवारी १९४२ ला ते सुटलं, पण र्झेवभोवतीची लढाई त्यानंतर मार्च १९४३ पर्यंत चालूच होती आणि ती इतकी भयानक की आजही तिथल्या जंगलांत स्वयंसेवक जाऊन सैनिकांची हाडं शोधतात आणि पुरतात. सात वर्षांची बाबुश्का तेव्हा आईबरोबर तळघरात लपली होती, त्याच, बटाट्यांच्या. ती स्तंभापाशी रडली नाही, वडिलांच्या नावावरून रुमालाने धूळ पुसली आणि खिशातून दोन चॉकलेटच्या गोळ्या काढून पायथ्याशी ठेवल्या. तिकडे मृतांना गोड ठेवतात.

मी मेडिकलची, त्यामुळे माझं लक्ष आपोआप त्या गोष्टींकडे जायचं. आपल्याकडे जसं उपकेंद्र असतं आणि सिस्टर असतात तसं रशियन खेड्यात ‘फाप’ असतं, तिथे ‘फेल्डशर’ असतो, डॉक्टर आणि नर्स यांच्या मधला माणूस, बाळंतपणापासून टाके घालण्यापर्यंत सगळं करणारा. आमच्या सेलोतलं फाप मी असतानाच बंद झालं. मग बीपी कोण बघणार? मी जाताना मशीन घेऊन जायचे, पहिल्यांदा लावलं तर १९०/१००. मी घाबरले आणि ती मात्र कपाटातून एक छोटी बाटली काढून साखरेच्या खड्यावर थेंब मोजत बसली. कोर्वालोल नावाचे थेंब आहेत, प्रत्येक रशियन आजीकडे असतात, त्याने झोप येते, बीपी काही उतरत नाही. तिला गोळ्या सुरू करायला मला दोन वर्षं लागली आणि त्यातलं दीड वर्ष तिला पटवण्यात गेलं. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून मी रोज हेच करते, आजी गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं तरी घ्यायची, आणि प्रत्येक वेळी तो कोर्वालोलचा पुदिन्यासारखा उग्र वास नाकात येतो.

उन्हाळ्यात गेलं की त्या रिकाम्या घरांकडे फिरायला जायचा मला नाद लागला होता. बाबुश्काला आवडायचं नाही, एकटी जाऊ नको म्हणायची, आणि भुताखेतांमुळे नव्हे तर बोर्श्चेविकमुळे. हे एक राक्षसी झाड आहे, कोथिंबिरीच्या कुळातलं, माणसाच्या दीडपट-दुप्पट उंच, पांढऱ्या छत्र्यांसारखी फुलं. मूळचं कॉकेशसकडचं, दुसऱ्या महायुद्धानंतर गुरांना चारा म्हणून मुद्दाम लावलं, मग कोल्खोज बुडाले, गुरं गेली, कापणारं कुणी उरलं नाही आणि ते मोकाट सुटलं. त्याचा चीक अंगाला लागून ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात. आपल्या गाजरगवताला आपण शिव्या देतो पण ते निदान असं भाजत नाही. पोरं त्याच्या पोकळ दांड्याची पिपाणी करतात आणि ओठ भाजून घेतात, अशी एक केस मी पोस्टिंगमध्ये बघितलीय. जिथे माणसाचा पाय पडत नाही तिथे बोर्श्चेविक आलाच समजा. आणि तो कुठून शिरायचा माहितीय, त्या नदीकडच्या वाटांवरून.

पण तिथेच दुसरंही काही असायचं. घर पडून गेलेलं असायचं, छप्पर खाली आलेलं, चूल तेवढी उघड्यावर उभी, आणि दारात सिरेनची झुडपं, लायलॅक म्हणतात इंग्रजीत, जांभळ्या फुलांनी नुसती लगडलेली. जूनच्या सुरुवातीला असा सुवास की विचारू नका. रशियन माणूस जंगलातून जाताना मधेच सिरेन किंवा सफरचंदाचं झाड दिसलं की म्हणतो इथे घर होतं. घर जातं, नाव जातं, दारातलं झाड राहतं.

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी किल्लारीच्या पट्ट्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपलेले, दगडमातीच्या भिंती, वर माळवद, आणि सुमारे आठ हजार माणसं त्याखाली गेली, त्यात माझे आजोबा. त्यानंतर गावंच्या गावं उठवून लांब नव्या जागी बसवली, सरळ गल्ल्या, सिमेंटची सारखी घरं. माझं सगळं बालपण त्या नव्या गावातलं, पण आजी अधूनमधून जुन्या गावठाणात जायची, मला बोट धरून न्यायची. तिथे काहीच नव्हतं, दगडांचे ढीग, बाभळी आणि आमच्या दारातला एक लिंब. ती त्या लिंबाखाली बसायची, पाणी प्यायची आणि परत यायची. मी लहान होते, मला कंटाळा यायचा. रशियात त्या सिरेनपाशी उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा पोटात कालवलं की आजी तिथे काय करत होती.

हिवाळ्यातलं गाव मात्र वेगळंच. वोल्गा गोठली की ती नदी राहत नाही, रस्ता होते. उन्हाळ्यात पलीकडच्या गावात जायचं तर होडी लागायची, हिवाळ्यात सरळ चालत. आठवड्यातून दोनदा येणारी दुकानाची गाडी, ब्रेड, साखर, काडेपेटी घेऊन येणारी, ती पलीकडच्या काठावर थांबायची आणि म्हाताऱ्या बायका स्लेज ओढत बर्फावरून जायच्या. प्यायचं पाणी उताराच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्याचं, तो कधीच गोठायचा नाही. रशियनमध्ये झऱ्याला ‘क्ल्यूच’ म्हणतात आणि किल्लीलाही क्ल्यूचच. आणि ते पाणी वर आणायचं कशावर, तर कावडीवर! खांद्यावर वाकडी काठी, दोन बाजूंना दोन बादल्या. आपण कावड म्हटलं की शिखर शिंगणापूर डोळ्यासमोर येतं, ती तर रोज दोन खेपा करायची. तिच्या नवऱ्याने उतारात फळ्या ठोकून पायऱ्या केल्या होत्या, ४१. बर्फ पडला की आधी फावड्याने त्या ४१ पायऱ्या मोकळ्या करायच्या, मग पाणी. मी एकदा हट्टाने कावड घेतली, अर्ध्या वाटेत दोन्ही बादल्या डचमळून बुटात पाणी आणि ते तिथल्या तिथे बर्फ व्हायला लागलं. तिने मला चुलीवर बसवून पायांना गूज चरबी चोळली, म्हणजे हंसाची, आणि दर पाच मिनिटांनी बोटं हलव म्हणायची.

एप्रिलमध्ये बर्फ फुटतो ते ऐकण्यासाठी मी एकदा लेक्चर बुडवून गेले होते. रात्री तोफ उडाल्यासारखा आवाज झाला, मग दुसरा, आणि सकाळी बघते तर अख्खी नदी चालायला लागलेली, मोठमोठे तुकडे एकमेकांवर चढत, घासत, कुरकुरत. बाबुश्का काठावर येऊन उभी राहिली, छातीवर क्रॉसची खूण केली आणि म्हणाली, निघाली मातुश्का. वोल्गा-मातुश्का म्हणतात तिकडे सगळे, वोल्गामाई. आपण गोदामाई म्हणतो, कृष्णामाई म्हणतो, तेच.

त्या माईचं जन्मस्थान बघायला आम्ही जुलै २०१३ मध्ये गेलो, घरमालकीणबाई, त्यांचे मिस्टर, बाबुश्का आणि मी, त्यांच्या जुन्या गाडीतून. ओस्ताश्कोवच्या पुढे जंगलात वोल्गोवेर्खोव्ये नावाचं छोटंसं गाव आहे, समुद्रसपाटीपासून फक्त २२८ मीटर उंचीवर. दलदलीत लाकडी पुलावरून जायचं, टोकाला एक लाकडी देवळीसारखी खोली आणि तिच्या मधोमध जमिनीला गोल भोक, त्यात काळसर पाणी. बस, ही वोल्गा. थोडं पुढे गेलं की एका ढांगेत ओलांडता येते. तिथून कॅस्पियन समुद्रापर्यंत, आणि कॅस्पियनची पातळी इतर समुद्रांपेक्षा तेव्हा सुमारे २८ मीटर खाली, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरमध्ये नदी उतरते जेमतेम अडीचशे मीटर. म्हणून ती इतकी संथ. ब्रह्मगिरीवर गोदावरी बघताना लोक जसे बाटल्या भरतात तसेच इथेही भरत होते. बाबुश्काने जन्मभर जिचं पाणी वापरलं तिचा उगम एकोणऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा बघितला. ओंजळीत घेतलं, चाखलं आणि म्हणाली, आपलंच आहे की.

आणि ते पाणी पुढे कुठे जातं बघा. गावावरून त्वेरला जातं, त्वेरला काठावर अफनासी निकितिनचा पुतळा आहे, १९५५ मध्ये उभारलेला. हा पंधराव्या शतकातला त्वेरचा व्यापारी याच वोल्गातून होडीने कॅस्पियनला गेला, वाटेत लुटला गेला, इराणमार्गे होर्मुझला पोचला आणि तिथून एक घोडा घेऊन आपल्या चौलला उतरला. तिथून जुन्नर. पावसाळ्यात तो जुन्नरला अडकला होता, चार महिने दिवसरात्र पाणी आणि चिखल असं त्याने लिहून ठेवलंय. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला होता, धर्म बदल नाहीतर हजार मोहरा दे म्हणून, आणि एका खुरासानी माणसाने मध्ये पडून त्याला सोडवलं. पुढे तो बिदरला गेला, आमच्या लातूरपासून किती लांब आहे बिदर! परत जाताना मात्र घरी पोचला नाही, स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. चौलजवळ रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. मी हे सगळं बाबुश्काला सांगितलं तर तिला पुतळा माहीत होता, पण तो गेला कुठे होता हे माहीत नव्हतं. त्याच्या गावाला कळवलं का मग कुणी, असं विचारलं तिने.

त्वेरच्या खाली वोल्गावर धरणं आहेत, तिथली कहाणी निराळी. १९४१ पासून भरायला लागलेल्या रिबिन्स्क जलाशयात सहाशेहून जास्त खेडी आणि मोलोगा नावाचं अख्खं शहर गेलं, सुमारे एक लाख तीस हजार माणसं उठवली. आमच्या गावावर तसं पाणी कधी आलं नाही. तिथे माणसंच गेली, एकेक करून, आवाज न करता.

मी शेवटची गेले २०१५ च्या जूनमध्ये, डिग्री हातात आल्यावर. वाटा मोजल्या. दोन. त्यातली एक तिची. निघताना तिने पेटी उघडली आणि तो टॉवेल काढला, लाल फुलांचा, कागदात गुंडाळला आणि म्हणाली, हा तुझ्या आजीला दे, सांग मी विणलाय, जवस मी उपटलेलं आहे. मी नको नको म्हणत होते आणि ती माझ्या बॅगेची चेन स्वतःच्या गाठाळ बोटांनी उघडायचा प्रयत्न करत होती. ती २०१८ च्या हिवाळ्यात गेली. घरमालकीणबाई दर मे महिन्यात जातात अजून, बटाटे लावतात, थोडेच, दोन वाफे, आणि कोयता घेऊन त्या वाटेवरचं गवत कापतात. गेल्या वर्षी त्यांनी पायऱ्यांचा फोटो पाठवला, चार फळ्या कुजल्यात, बदलायच्या म्हणाल्या.

टॉवेल मी लातूरला आले त्याच संध्याकाळी आजीला दिला. तिने चष्मा लावला, कापड बोटांत चोळलं, उलटसुलट करून बघितलं, वास घेतला. म्हणाली, “जवसाचं कापड बी व्हतंय व्हय गं?” मी सगळं सांगितलं, उपटणी, दव, काडी कानाशी धरणं. फोटो दाखवले मोबाईलमध्ये, घर, चूल, नदी. ती नदीच्या फोटोवर थांबली.

“आन् पाणी किती लांबय तिला?”

म्हटलं, लांब नाही आजी, खालीच झरा आहे, ४१ पायऱ्या उतरून.

ती बराच वेळ फोटो बघत राहिली, मग टॉवेलची घडी मांडीवर सारखी करत म्हणाली, “भरल्या बादल्या घेऊन चढायचं म्हंजी दम लागत आसंल बाई तिला.”